एकट्यानं बोट चढवायची: हिडकल धरणाच्या काठावरचं एक प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये येणारी कामं ठरलेली असतात. उसाच्या ट्रॉलीचा मोडलेला दांडा, फौंड्रीतल्या साच्यांच्या पेट्या ओढायच्या गाड्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड. बोटीचा ट्रेलर वर्षाकाठी एखादा आला तर आला. त्यामुळे दोन वर्षांमागं दिवाळी झाल्यावर सुभेदार काका बोलेरोला ट्रेलर जोडून दारात येऊन थांबले, तेव्हा हातातलं काम टाकून सगळेच बघायला बाहेर आले.

काकांचं वय त्रेसष्ट. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, राहायला काकतीच्या बाजूला. हिडकलच्या जलाशयात मासेमारीचा परवाना आहे, चौदा फुटी फायबरची बोट आहे, तिला मागं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन. आठवड्यातून दोनदा पहाटे जायचं, जाळं टाकायचं, दुपारपर्यंत परत. इतकी वर्षं बरोबर मुलगा असायचा. त्याला चाकणला नोकरी लागली, तो गेला, आणि काकांची बोट तीन महिने परसात ताडपत्रीखाली पडून राहिली.

"बॅटरीवरचा विंच बसवून दे, पोरा. बटण दाबलं की बोट वर. एकट्याचं काम होऊन जाईल."

मागणी सरळ होती आणि मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. विंच म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या खांबावरचा, पट्टा गुंडाळून बोट वर ओढणारा ड्रम; काकांचा हँडलनं फिरवायचा होता. बाजारात बॅटरीवरचे विंच मिळतात, बसवायला अर्धा दिवस पुरतो. पण ट्रेलरकडं बघताना एक गोष्ट मनात आली. मुलगा नक्की काय करत होता, हे मला माहीत नव्हतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "हाताखाली असायचा की." हाताखाली म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही असं ठरवलं. पुढच्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्या गाडीत बसलो.

काठावर बघितलेलं

काकती सोडली की वंटमुरीचा घाट, मग हत्तरगीचा टोलनाका, यमकनमर्डी, आणि तिथून धरणाकडं. राजा लखमगौडा धरण हे त्याचं कागदावरचं नाव, पण आपल्याकडं सगळे हिडकलच म्हणतात. घटप्रभेवरचं हे धरण साधारण ५१ टीएमसीचं. पूर्ण भरतं तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फुटांवर असते. हे आकडे इथं सांगायचं कारण असं की बोट चढवणाऱ्याचा खरा त्रास त्या पातळीत आहे. समुद्रावर बंदरात सिमेंटचा उतार बांधलेला असतो, भरती-ओहोटीच्या वेळा ठरलेल्या असतात. आपल्या धरणांवर तसं काही नाही. पावसाळा संपताना पाणी मुरमाड, घट्ट जमिनीपर्यंत येतं आणि तिथं उतारही बरा असतो. मग कालवे सुटतात, पाणी मागं सरकत जातं, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत काठ म्हणजे काळ्या चिकट गाळाचा सपाट पट्टा होऊन बसतो. जागा दर पंधरवड्याला बदलते.

त्या दिवशी काकांनी पलीकडच्या गावातल्या एका पोराला शंभर रुपये देऊन मदतीला घेतलं होतं. मी बाजूला उभा राहून त्या पोरानं काय काय केलं तेवढंच लिहीत गेलो.

बोलेरो मागं घेताना तो पाण्याच्या कडेला उभा राहून हात हलवत होता, कारण रिकामा ट्रेलर इतका बुटका की आरशात दिसतच नाही. ट्रेलर वाकडा झाला आहे हे ड्रायव्हरला कळतं तेव्हा तो आधीच पंचेचाळीस अंशात वळलेला असतो. मग पोरानं चाक सरकू नये म्हणून दगडाची उटी लावली. मग गुडघाभर पाण्यात उतरून बोटीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी उचललं आणि ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर टेकवलं. पाणी उथळ, त्यामुळे बोट आपोआप तेवढी वर येत नव्हती. काका विंच फिरवायला लागल्यावर तो मागं गेला आणि मागच्या फळीला धरून बोट सरळ ठेवत राहिला, कारण पश्चिमेकडून वारा होता आणि बोटीचं मागचं अंग सारखं उजवीकडं फिरत होतं. शेवटी बोट अर्ध्यावर अडली तेव्हा त्यानं खांदा लावून ढकलली.

परत येताना गाडीत वही उघडली आणि लक्षात आलं, की विंचचा हँडल त्या पोरानं एकदाही धरला नव्हता. तो पूर्ण वेळ काकांच्याच हातात होता. म्हणजे मोटर बसवली असती तर तिनं काकांचं काम वाचवलं असतं. पोराची पाचही कामं जिथल्या तिथं राहिली असती. शिवाय वाकडी आलेली बोट मोटर त्याच जोरानं वाकडीच ओढते. हाताला अडकलेलं कळतं, माणूस थांबतो. बटणाला ते कळत नाही, आणि फायबरला तडा जातो.

काकांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मला माणूस पाहिजे होता, आणि मी मागत होतो मशीन."

त्यानंतरचं सगळं काम या एका हिशोबावर उभं आहे. दुसऱ्या माणसाचं एकेक काम घ्यायचं आणि ते करील असा एकेक लोखंडाचा तुकडा बसवायचा.

आधी जोराचा हिशोब

ढकलण्याचं काम सगळ्यात सोपं वाटतं म्हणून तिथून सुरुवात केली. बोट, इंजिन, पेट्रोल, जाळं, बर्फाची पेटी मिळून वजन २५० किलो. भंगारवाले वापरतात तो हूकचा डिजिटल काटा पट्ट्याच्या आणि बोटीच्या मध्ये अडकवून मोजलं. ट्रेलरवर दोन लांब लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर जुना गालिचा ठोकलेला. बोट पाण्याबाहेर पूर्ण येते त्या क्षणी काट्यावर १५० किलोच्या आसपास आकडा दिसला.

उतार सहाला एक होता. तेवढ्या उतारावर २५० किलो नुसतं वर न्यायला ४१ किलोचा ओढ पुरतो. उरलेला शंभराच्या वरचा सगळा जोर गालिच्याशी घासण्यात जात होता. फळ्यांच्या जागी फिरणारे रोलर आले तर घर्षण वजनाच्या वीसाव्या भागावर येईल, म्हणजे एकूण ५३ किलो. एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच बदलानं मिळाला नसता.

आता विंचचं बघा, कारण इथं बहुतेकांची नजर जात नाही. काकांच्या विंचला दात्यांचं प्रमाण चारास एक आणि हँडल २४० मिलिमीटरचा. रिकाम्या ड्रमची त्रिज्या २० मिलिमीटर. तेव्हा जोर ४८ पट होतो. पण त्यावर दहा मीटर पट्टा होता. पट्टा दोन मिलिमीटर जाड, ड्रम पट्ट्याच्याच रुंदीचा, त्यामुळे थरावर थर चढत जातो आणि पूर्ण गुंडाळल्यावर त्रिज्या ८० च्या वर जाते. ४८ पटीचे तिथं बारा पट राहतात, आणि दात्यांतली घासाघीस वजा केली तर साडेसात-आठ. वाईट गोष्ट अशी की बोट सगळ्यात जड होते ती शेवटी, पाणी सुटल्यावर, आणि ड्रम सगळ्यात जाड होतो तोही शेवटीच. १५० किलो भागिले साडेसात, म्हणजे हँडलवर वीस किलो. त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं वाकून, एका हातानं.

पट्टा दहा मीटरचा का होता? तसाच आला म्हणून. काकांना काठावर पाच-साडेपाच मीटरपेक्षा जास्त कधी लागत नव्हता. आम्ही तो कापून सहा मीटरचा केला आणि टोकाला हूक नव्यानं शिवून घेतला. शेवटची त्रिज्या ६५ वर आली. या बदलाला खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि ट्रेलरला हात न लावताही तो कुणालाही करता येतो.

विंच मात्र बदलला. जुन्यात नुसता दातेरी खटका होता. बोट खाली सोडताना खटका उचलायचा आणि हँडल हातानं आवरत सोडायचा. हात सुटला तर हँडल पंख्यासारखा फिरतो, आणि मनगट मध्ये आलं तर हाड मोडतं. एकटा माणूस, फोनला रेंज नसलेला काठ, अशा जागी ही गोष्ट मला मान्य नव्हती. ब्रेकवाला विंच घेतला. त्याचं तत्त्व आपल्या शेडमधल्या जड वजन उचलायच्या चेन ब्लॉकसारखंच: भार खाली ओढायला लागला की तोच भार चकत्या एकमेकींवर दाबतो आणि ड्रम जागच्या जागी थांबतो. हँडल सोडून बाजूला झालं तरी बोट तिथंच राहते. उलटं फिरवाल तेवढीच उतरते.

रोलर: पहिली चूक

रोलर कुठून आणायचे यावर मी घाई केली. संकेश्वरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं साखर कारखान्याच्या भुश्याच्या पट्ट्याखालचे जुने लोखंडी रोलर पडून होते. बेअरिंग चांगले, भाव स्वस्त. आठ आणले, बसवले. बोट लोण्यासारखी वर आली. काका खूश, मीही खूश.

तिसऱ्या खेपेनंतर बोट उलटी करून बघितली तर तळाच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, रोलर टेकत होते तिथं, फायबरच्या वरच्या चकचकीत थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. नख फिरवलं की लागत होत्या. लोखंडी रोलर फायबरला एका रेघेवर टेकतो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या रेघेवर हातोडीसारखा बसला होता. भेगा खरवडून भरून घेतल्या, तो खर्च मी घेतला.

दुसऱ्या वेळी पॉलियुरेथेनचे मऊ रोलर ओतून घेतले. ते फौंड्रीच्या आणि प्रेसच्या कामाला लागतात म्हणून आपल्याकडं करून मिळतात. काळं रबर टाळलं, ते बोटीच्या अंगावर डाग सोडतं. मधल्या ओळीत कण्याखाली चार, मधोमध खोलगट, म्हणजे कणा त्यात बसून सरळ धावतो. दोन्ही बाजूंना जोडीजोडीचे, डुलणाऱ्या पट्टीवर बसवलेले. बोटीच्या पोटाचा कोन पुढं वेगळा, मागं वेगळा. रोलर घट्ट बसवला तर एका जागी कडेवर टेकतो, डुलता ठेवला तर स्वतःच कोन धरतो. यावेळी काट्यावर साठच्या आसपास आकडा आला. हँडलवर सहा-साडेसहा किलो.

टोक उचलणारा पाळणा

बोटीचं टोक उचलून पहिल्या आधारावर ठेवणं, हे पोराचं सगळ्यात जड काम. याला सोपं उत्तर म्हणजे ट्रेलर आणखी मागं, खोल पाण्यात न्यायचा. काका आधी तेच करत आणि त्यामुळे दर पावसाळ्याआधी चाकाचे बेअरिंग जात. तीस-पस्तीस किलोमीटर धावून आलेलं हब, म्हणजे बेअरिंग बसतात तो चाकाचा मधला गाभा, गरम असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत खेचून घेते. मी जुनं हब उघडलं तेव्हा आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालं होतं. तर हब पाण्यात जाता कामा नये, हा नियम आधी घालून घेतला आणि मग विचार केला.

एक रस्ता असा होता की पूर्ण ट्रेलरच मधोमध बिजागरी घालून डंपरसारखा कलता करायचा. तसे ट्रेलर असतात. दोन कारणांनी तो सोडला. बोट मध्याच्या पुढं गेली की पूर्ण सांगाडा आपटून खाली येतो, आणि एकटा माणूस तेव्हा नेमका विंचपाशी, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाशी उभा असतो. दुसरं कारण कागदांचं. ट्रेलर नोंदणी झालेला आहे, केए २२ चा नंबर आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या गोष्टी बनवणाऱ्यानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. चासी कापायची नाही, आस म्हणजे चाकांचा अ‍ॅक्सल हलवायचा नाही, बोल्टनं बसेल आणि बोल्ट काढून निघेल तेवढंच करायचं, असं आम्ही ठरवलं.

मग फक्त मागच्या टोकाला एक झुलता पाळणा केला. एक मीटर लांबीची चौकट, तिच्यावर रोलरच्या दोन जोड्या, आणि चौकट मधोमध एका जाड दांड्यावर ट्रेलरच्या मागच्या आडव्या चॅनेलला लटकलेली. रिकामी असताना मागची बाजू थोडी जड ठेवली, त्यामुळे ती आपोआप पाण्याकडं झुकते. मागचे रोलर पाण्यात एक वीत बुडतात, चाकं मात्र कोरडीच. बोटीचं टोक येऊन त्या रोलरवर चढतं, विंच ओढत जातो, आणि बोटीचं वजन पाळण्याच्या पुढच्या जोडीवर आलं की पाळणा हळूच आडवा होतो. घरातल्या तान्ह्या मुलाचा पाळणा ज्या सहजतेनं फिरतो तसंच. प्रवासात तो हलू नये म्हणून एक खीळ आणि तिला ट्रॅक्टरची लिंचपिन, जी काकांना डोळे मिटूनही लावता येते.

विंचचा खांबही उंच केला, २५० मिलिमीटरनं. आधी पट्टा बोटीच्या टोकावरच्या कडीपेक्षा खालून ओढत होता, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला टोक खाली दाबलं जात होतं आणि आडव्या पट्टीखाली घुसायला बघत होतं. आता सुरुवातीला पट्टा वरून ओढतो आणि टोक उचलतो. बोट पूर्ण आत आली की पट्टा कडीच्या समपातळीत येतो. पोराच्या दोन हातांचं काम अर्धं पाळण्यानं घेतलं, अर्धं या अडीचशे मिलिमीटरनं.

दोन उभे पाइप

वाऱ्यात बोट सरळ धरणं आणि रिव्हर्सला हात दाखवणं, ही दोन्ही कामं एकाच वस्तूनं केली. ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यांवर दोन उभे खांब, माणसाच्या छातीएवढे, लोखंडी गाभ्यावर पांढरा पीव्हीसी पाइप सैल सरकवलेला. बोट खांबाला घासली की पाइप फिरतो, बोटीला ओरखडा येत नाही. आणि रिकामा ट्रेलर आरशात दिसत नसला तरी दोन पांढरे खांब दिसतात. त्यांच्या डोक्यावर काकांनी लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या, पहाटेच्या अंधारात टॉर्च न लावता रिव्हर्स घेता येतो.

इथंही पहिल्यांदा माप चुकलं. बोट आणि खांब यांत दोन्ही बाजूंना मी वीस मिलिमीटरच जागा ठेवली होती, नेमकेपणा असावा म्हणून. पहिल्याच वाऱ्याच्या दिवशी बोट तिरपी येऊन दोन खांबांत पाचरीसारखी अडकली. काकांना पाण्यात उतरून ती सोडवावी लागली. जागा वाढवून पन्नास केली. मधले खोलगट रोलर कण्याला मध्यावर आणतातच. खांबांचं काम बोट दारातून आत घेण्यापुरतं.

उथळ पाण्यासाठी, गाडीला जोडतो त्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या आत सरकणारा दुसरा चौकोनी पाइप घातला. उन्हाळ्यात काठ सपाट असतो तेव्हा ट्रेलर पाण्याच्या कडेला न्यायचा तर बोलेरोची मागची चाकंच गाळात जातात. आता ट्रेलरच्या चाकांना उटी लावायची, खीळ काढायची, आणि बोलेरो दीड मीटर पुढं घ्यायची. आतला पाइप बाहेर येतो, वेल्ड केलेल्या अडसराला थटतो, तिथं परत खीळ. बोट चढली की उलट. रस्त्यावर हा पाइप नेहमी आतच असतो, दुसऱ्या एका आडव्या खिळीनं बंद केलेला.

उटीबद्दल थोडं. आधी मिळेल तो दगड लावत. दगड ओल्या मुरमावर घसरतो. बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी केल्या, खाली जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलं, आणि दोन्ही दोरीनं ट्रेलरच्या चौकटीला बांधून टाकल्या. गाडी पुढं निघाली की त्या आपोआप मागून ओढत येतात, विसरून राहत नाहीत. बोलेरोच्या मागच्या चाकांनाही अशाच दोन. उतारावर गाडी आणि स्टिअरिंगवर कुणी नाही, अशा वेळी एकट्या हँडब्रेकवर विश्वास ठेवू नये, हे मी काकांना तीनदा सांगितलं. फौजी माणूस, त्यांनी एकदाच ऐकून पाळलं.

घाटातला प्रसंग

सगळं बसलं, काठावर दोन चाचण्या झाल्या, आणि मी काम संपलं असं समजलो. परत येताना वंटमुरीच्या उतारावर साठच्या वेगात ट्रेलर मागं शेपटीसारखा हलायला लागला. आधी हळू, मग बोलेरोची मागची बाजूही त्याच्याबरोबर. मी शेजारी बसलो होतो. काकांनी ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं आणि पाय वर घेतला. शंभर-दीडशे मीटरमध्ये ट्रेलर शांत झाला. गाडी कडेला लावून आम्ही दोघं उतरलो. हायवेवरून ट्रक जात होते, आणि मला काही मिनिटं बोलता आलं नाही.

चूक माझी होती आणि ती साधी होती. पाळण्याचं चोवीस किलो लोखंड मी आसाच्या मागं जवळजवळ नव्वद सेंटिमीटरवर टांगलं होतं. ट्रेलर तराजूसारखा असतो, मागं वजन घातलं की पुढं हलकं होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दांड्याच्या टोकाखाली घरातला वजनकाटा ठेवला. बॉलवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोळ्यावर दांडा बसतो त्यावर, यायला हवं होतं एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के. एकूण झालं होतं ४४० किलो, आणि काट्यावर फक्त १४. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. मूळ ट्रेलरवर हेच २२ होतं, तेही काठावरचंच.

आस हलवायचा नव्हता. म्हणून विंचचा खांब दांड्यावर १८० मिलिमीटर पुढं सरकवला, बोट तेवढी पुढं बसायला लागली. आस ते बॉल अंतर २.६ मीटर. २५० किलो गुणिले ०.१८, भागिले २.६, साधारण १७ किलो. काट्यावर ३१ आले, सात टक्के. यातून न मागता आणखी एक गोष्ट मिळाली. आधी बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिनचा भार असतो, ती शेवटच्या आधाराच्या बाहेर लोंबत होती. आता ती थेट पाळण्याच्या रोलरवर आली. त्यानंतर त्याच उतारावर, त्याच वेगात आम्ही दोनदा जाऊन आलो. ट्रेलर रेघेत राहिला.

ट्रेलरवर मागं काहीही बसवणाऱ्यानं, टूलबॉक्स असो की स्टेपनी, रस्त्यावर काढण्याआधी दांडा वजनकाट्यावर ठेवून बघावा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

झालं काय

रोलर दोनदा केले ते धरून, नवा विंच आणि मजुरी मिळून खर्च साडेअठरा हजारांच्या घरात गेला. त्यातला पहिल्या रोलरांचा भाग काकांकडून घेतला नाही. विंचचा पट्टा प्रवासात बोट बांधायला वापरायचा नाही, टोकाला वेगळी साखळी आणि मागच्या फळीला दोन रॅचेट पट्टे, ही सवयही त्यांना लागली. सगळ्या चौकोनी पाइपांना तळाशी निचऱ्याची भोकं पाडली. धरणाचं पाणी गोडं, समुद्राइतकं गंजवत नाही, पण पाइपच्या आत साचून राहिलं तर तेही खातंच.

काकांचा एक हट्ट मला नंतर कळला. त्यांच्या बहिणीचं घर दूधगंगेकाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणी भागात पाणी शिरलं, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. २०२१ ला बोट घरात होती, पण मुलगा गावाला गेलेला आणि शेजारपाजारचे आपापल्या गडबडीत. बोट ट्रेलरवरून उतरवून परत चढवायला दुसरा माणूस मिळेना, म्हणून ती निघालीच नाही. बहिणीला दुसऱ्यांनी बाहेर काढलं, ती सुखरूप आहे. पण ते त्यांच्या मनात राहिलेलं. पुराच्या वाहत्या पाण्यात आठ हॉर्सपॉवरच्या बोटीनं जाऊ नये, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. गल्लीत साचलेल्या उभ्या पाण्यातून माणसं आणायला तरी ती तयार असावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

एक काम अजून राहिलं आहे. मेमध्ये गाळ इतका मऊ असतो की सरकता पाइप पूर्ण बाहेर काढला तरी ट्रेलरचीच चाकं रुततात. सध्या काका साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे, प्रत्येकी तीन मीटरचे, गुंडाळून नेतात आणि चाकांखाली पसरतात. चालतं, पण ओला झालेला तुकडा परत गाडीत टाकायला जड जातो. त्याऐवजी हलक्या जाळीच्या फळ्या करायचा विचार आहे.

गेल्या मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, मी परत त्यांच्याबरोबर गेलो. या वेळी काहीही न करता कडेला बसून राहायचं असं आधीच ठरलेलं. काकांनी दोन पांढरे खांब आरशात धरून ट्रेलर सरळ मागं घेतला, उटी लावली, पाइप सरकवला, बोटीच्या कडीत हूक अडकवला. वारा होता, बोट फिरली, डाव्या खांबाला लागली आणि परत मध्यावर आली. पाळणा आडवा झाला तेव्हा खट् असा आवाज आला. साखळी लावेपर्यंत घड्याळात अकरा मिनिटं झाली होती, आणि त्यांचे बूट घोट्यापर्यंतच ओले होते.

घरी आल्यावर मी डाव्या चाकाची टोपी काढून बघितली. वर्षभरापूर्वी भरलेलं ग्रीस अजून मधाच्या रंगाचं होतं.